विचार करणारा पट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुद्धिबळाचा पट कापडाचा असो, पुठ्ठ्याचा असो की शिसवी लाकडाचा, खेळ त्यावर सारखाच चालतो. घोडा अडीच घरं जायचा तो अडीचच घरं जातो. शह, मात, वजीर, प्यादं हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं आपल्याकडे आले. त्या प्रवासात पट बदलले, मोहऱ्यांचे आकार बदलले. पण पट हलक्या प्रतीचा होता म्हणून डाव रखडला, असं कुणी ऐकलेलं नाही. डाव रखडायचा तो समोरच्या माणसामुळं. तो हनुवटी चोळत बसायचा आणि आपण चहा मागवायचो.

कॉम्प्युटरवर जे डावपेचांचे खेळ आले, त्यांत ही सोय राहिली नाही. तिथं पट स्वतःच विचार करतो. शत्रूचं सैन्य कुठून येणार हे पट ठरवतो, कोठारात धान्य किती उरलं ते मोजतो, शंभर शिपायांना झाडं आणि नदी चुकवून पलीकडे नेतो, आणि हे सगळं करून वर चित्रंही काढतो. म्हणून ज्या घरात असा खेळ शिरतो तिथं एक प्रश्न हमखास विचारला जातो: कुठलं मशीन घेतलं म्हणजे हा न अडखळता चालेल? प्रश्न पोराचा असतो, पैसे बापाचे असतात. मला या प्रश्नाचा इतिहास फार रंजक वाटतो. तो दुकानांतून सुरू झालेला नाही. त्याला पाऊणशे वर्षं झाली.

ॲलन ट्युरिंग हा इंग्रज गणिती आणि त्याचा मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांनी १९४८ साली बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम कागदावर रचला. प्रोग्राम होता, पण तो चालवू शकेल असं यंत्र नव्हतं. १९५२ साली ट्युरिंगनं यंत्राची जागा स्वतः घेतली. कागदावरचे नियम एकेक करून पाळायचे, हिशेब करायचा आणि जी चाल निघेल ती खेळायची. एका चालीला साधारण अर्धा तास लागे. समोर ॲलिक ग्लेनी नावाचा सहकारी होता. एकोणतिसाव्या चालीला ‘यंत्र’ हरलं. हार्डवेअर कमी पडल्याची याहून स्वच्छ नोंद मला तरी माहीत नाही.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या लॉस अलामोसची. जिथं अणुबॉम्ब तयार झाला त्याच प्रयोगशाळेत १९५६ साली ‘मॅनिअ‍ॅक’ नावाच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ बसवायचं ठरलं. चौसष्ट घरांचा पट त्या यंत्राला झेपेना. मग त्या मंडळींनी काय केलं? पट आठ बाय आठचा सहा बाय सहा केला आणि सगळे उंट काढून टाकले. उंट नसलेलं बुद्धिबळ! तरीही एका चालीला बारा मिनिटं लागत. नुकताच खेळ शिकलेल्या एका नवख्या खेळाडूला त्या यंत्रानं हरवलं, ही जमेची बाजू. पण मला मोह पडतो तो त्या उंटांचा. यंत्र बेताचं असेल तर खेळ कापून घ्यायचा, हा मार्ग तिथं पहिल्यांदा दिसतो. आजचा मुलगा खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या बंद करतो, गवत कमी करतो, नकाशा लहान निवडतो, तेव्हा तो उंटच काढत असतो.

दुसरा मार्ग यंत्र वाढवण्याचा. त्याचं टोक ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये गाठलं गेलं. आयबीएमच्या ‘डीप ब्लू’नं गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. त्या यंत्रात केवळ बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप होत्या आणि ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. एका खेळासाठी एक यंत्र. असं मशीन घरात आणणं कुणालाच शक्य नव्हतं.

त्याच वर्षी, पाच महिन्यांनी, ‘एज ऑफ एम्पायर्स’ बाजारात आला. त्याच्या कर्त्यांपुढचा पेच नेमका उलटा होता. यंत्र ठरलेलं होतं, कारण ते लोकांच्या घरात आधीच होतं: ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम, १६ एमबी रॅम आणि टेलिफोनच्या तारेवर कुरकुरणारा मॉडेम. यावर आठ माणसांनी एकमेकांशी लढायचं होतं. पॉल बेट्नर आणि मार्क टेरानो या दोघा प्रोग्रामरांनी हे कसं जमवलं ते २००१ साली लिहून ठेवलं आहे. आमच्यासारख्या बी.ए.वाल्यालाही तो लेख बऱ्यापैकी कळतो.

त्यांची अडचण अशी. प्रत्येक शिपाई कुठं उभा आहे, जखमी किती आहे, कुणीकडे निघाला आहे, ही माहिती तारेवरून पाठवायची म्हटली तर जेमतेम अडीचशे शिपायांत तार भरून जाते. म्हणून त्यांनी शिपाई पाठवायचेच नाहीत असं ठरवलं. पाठवायचे ते फक्त हुकूम. आठही मशीनांवर तेच जग, तीच झाडं, तेच नियम. शाळेच्या मैदानावरची कवायत आठवा. मास्तर एकदाच शिट्टी फुंकतात, हात प्रत्येक जण आपापला वर करतो. तसं हुकूम तेवढा सगळीकडे जायचा आणि प्रत्येक मशीन सगळी लढाई आपल्यापुरती पूर्ण खेळून काढायचं.

यात एक धोका होता. आठ जगं केसभरही वेगळी होऊन चालणार नाही. त्या लेखातलं उदाहरण असं आहे: एका मशीनवर एक हरीण नकाशा तयार होताना किंचित वेगळ्या जागी उभं राहिलं. ते थोडं निराळं चरलं. काही मिनिटांनी एका गावकऱ्याची वाट रेसभर बदलली, त्याचा भाला चुकला आणि तो मांस न घेताच घरी आला. झालं, दोन जगं फुटली, खेळ बंद. कवी म्हणून सांगतो, एका हरणानं साम्राज्य बुडवल्याची ही गोष्ट मला कुठल्याही दंतकथेइतकीच आवडते.

या रचनेतून दुसरी एक गोष्ट आपोआप आली, आणि मशीन निवडणाऱ्यासाठी तीच महत्त्वाची. सगळ्यांनी एकाच तालावर चालायचं, तर ताल ठरवणार कोण? सगळ्यात मंद मशीन. आठांपैकी सात घोडे आणि एक खेचर असेल तर सगळी फौज खेचराच्या चालीनं जाणार.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भारतात सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गावोगावी सायबर कॅफे निघाले. २००० सालच्या सुमारास सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका कॅफेत मी ई-मेल बघायला जात असे. संध्याकाळी पोरांची टोळी यायची आणि सहा-सात मशीनं अडवून हाच खेळ मांडायची. कोपऱ्यात एक जुनाट मशीन होतं. “ए, कोपऱ्यातल्यावर कुणी बसू नका रे, सगळ्यांचं अडकतं,” असं ती पोरं ओरडायची. उशिरा आलेल्या एखाद्याला तिथंच बसावं लागे, आणि मग खरोखरच सगळ्यांच्या पडद्यावरचे घोडेस्वार गुडघाभर चिखलातून चालल्यासारखे चालू लागत. पैसे मात्र तासावर मोजले जायचे. मागे पडणाऱ्याचा त्रास त्याला एकट्याला होत नाही, हे त्या पोरांना कोणताही लेख न वाचता कळलं होतं.

त्या लेखात आणखी एक हिशेब आहे. खेळ चालताना यंत्राचा वेळ जातो कुठं? ढोबळमानानं तिसरा हिस्सा चित्रं काढण्यात, तिसरा हिस्सा शत्रूची अक्कल चालवण्यात आणि वाटा शोधण्यात, आणि तिसरा हिस्सा बाकीचं जग हलतं ठेवण्यात. म्हणजे जे आपल्याला दिसतं ते काम एक भाग, आणि जे दिसत नाही ते दोन भाग. आमच्या धंद्यातही असंच असतं म्हणा.

पण बाजार दिसणाऱ्या गोष्टीवर चालतो. १९९६ साली ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीच्या ‘वूडू’ कार्डानं घरगुती कॉम्प्युटरवर त्रिमिती चित्रं झरझर पळवून दाखवली. १९९९ साली ‘एनव्हिडिया’चं ‘जीफोर्स २५६’ आलं. चित्रांचं काम प्रोसेसरकडून काढून असं वेगळ्या कार्डाकडे गेलं, आणि पाहता पाहता ‘गेमिंग’ म्हणजे ग्राफिक्स कार्ड हे समीकरण दुकानदारांच्या तोंडी बसलं. धावपळीच्या, बंदुकांच्या खेळांसाठी ते बरंचसं खरंही होतं. डावपेचांच्या खेळासाठी ते अर्धंच खरं होतं.

या अर्ध्या सत्याची किंमत माझ्या मेहुण्यांनी मोजली. आम्ही त्यांना दुल्हेभाई म्हणतो. एसटीत कंडक्टर होते. २००९ साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा खेळ आला. तो १७०० सालापासून सुरू होतो आणि त्यात मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. १७०० म्हणजे राजाराम महाराजांच्या निधनाचं वर्ष. इकडे ताराबाई उभ्या राहताहेत, तिकडे औरंगजेब अजून सात वर्षं जगणार आहे. आमचा भाचा मराठ्यांच्या बाजूनं मोगलांवर तुटून पडला होता आणि घरात त्याचं सगळ्यांनाच कौतुक होतं. फक्त खेळ रखडायचा. आपली पाळी संपवून बटण दाबलं की युरोपातल्या, अमेरिकेतल्या, हिंदुस्थानातल्या सगळ्या राज्यांनी एकामागून एक आपापली चाल करायची. तेवढ्यात हा पोरगा जेवून यायचा.

दुकानदार म्हणाला, “कार्ड टाका साहेब, मख्खन चालेल.” दुल्हेभाईंनी पतपेढीतून कर्ज काढून साडेआठ हजारांचं कार्ड टाकलं. लढाईतली चित्रं सुरेख झाली, तोफांचा धूर खरा वाटू लागला. पाळी संपवल्यावरची वाट पाहणं मात्र तेवढंच राहिलं. घरात आठ दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी भाच्यानंच खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून मला दाखवला. “मामू, बघा, प्रोसेसर पन्नास टक्क्यांवर अडकलाय, पुढं जातच नाही.” प्रोसेसर दोन कोअरचा होता. एक कोअर घामाघूम झालेला आणि दुसरा झोपलेला, म्हणून पन्नास टक्के. पाळीचा हिशेब कार्डाकडे जातच नव्हता. तो एका कोअरवर, एका रांगेत चालला होता.

असं का होतं, याची मुळं २००४ सालात आहेत. त्याआधी प्रोसेसर दरवर्षी वेगवान व्हायचे. १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता, २००० साली एक गिगाहर्ट्झ झाला, २००४ अखेर ३.८ गिगाहर्ट्झ. अकरा वर्षांत साठपटीहून जास्त. त्या काळी खेळ अडखळत असेल तर उपाय सोपा होता: वर्ष-दीड वर्ष थांबा. पण ठोके वाढले तशी उष्णता वाढली. इंटेलनं २००४ मध्येच ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला. २००५ पासून एका चिपवर दोन कोअर आले, मग चार, आठ, सोळा. आज वीस वर्षांनीही घरगुती प्रोसेसर सहा गिगाहर्ट्झच्या आसपासच आहेत. एका ठोक्यात होणारं काम मात्र बरंच वाढलं आहे, म्हणून नुसते गिगाहर्ट्झ पाहून जुन्या-नव्याची तुलना करता येत नाही.

कोअर वाढले तर काम वाटून घ्यावं, असं कुणीही म्हणेल. इथं लग्नातली बिर्याणी डोळ्यांपुढे आणा. कांदा चिरायला दहा माणसं बसवली तर काम दहापट लवकर उरकतं. तांदूळ निवडायलाही दहा चालतात. पण देगेला दम दिला की दम तेवढाच वेळ घेणार. दहा आचारी भोवती उभे केले म्हणून तो लवकर बसत नाही. जीन ॲमडाल या कॉम्प्युटर तज्ज्ञानं १९६७ सालीच हे मांडलं होतं: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. डावपेचांच्या खेळात दमाचा भाग मोठा असतो. आधी कोण मेला, मग त्याच्या जागी कोण सरकला, मग तिसऱ्याची वाट कुठून मोकळी झाली. क्रम मोडला तर आपल्या हरणासारखं होतं.

२००७ सालच्या ‘सुप्रीम कमांडर’नं यावर सरळ चाल करून पाहिली. क्रिस टेलर आणि त्याच्या मंडळींनी ८१ किलोमीटर लांबीरुंदीचे नकाशे आणि हजारो यंत्रसैनिक मांडले. चित्रं काढण्याचं काम एका कोअरकडे आणि लढाईचं गणित दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली. तेव्हाच्या मानानं हे धाडस होतं. तरीही लढाई रंगात आली की गणिताचा कोअर मागं पडायचा आणि खेळातला काळच मंद व्हायचा. चित्र अडखळत नसे, फक्त सगळं सावकाश होई. अडखळणं आणि सावकाश होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. हे ओळखलं तर बरेच पैसे वाचतात.

यानंतरचा मला महत्त्वाचा वाटणारा टप्पा एप्रिल २०२२ चा. एएमडीनं ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ नावाचा प्रोसेसर आणला. त्याचा कमाल वेग त्याच्याच आधीच्या भावंडापेक्षा कमी होता, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. पण त्याच्या पोटातली कॅश मेमरी ३२ एमबीवरून ९६ एमबी झाली होती. स्वयंपाक करताना हाताशी मिसळणाचा डबा असतो, तशी ही मेमरी. रॅम म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. जिरं डब्यात असेल तर क्षणात फोडणीत पडतं. नसेल तर दुकानात जाऊन यायचं, आणि तेवढ्यात प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जातात. शेकडो शिपाई, शेकडो गावं, प्रत्येकाची बारीकसारीक नोंद असलेल्या खेळांना मोठा डबा फार मानवला. कमी ठोक्यांचा प्रोसेसर जास्त ठोक्यांच्या प्रोसेसरला अशा खेळांत मागं टाकू लागला.

मग दुकानात उभं राहिल्यावर काय करायचं? आधी घरी बसून एक छोटी परीक्षा घ्यावी. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचं रिझोल्युशन एकदम कमी करावं. चित्र भराभर हलू लागलं तर अडचण कार्डाची होती. काहीच फरक पडला नाही तर कार्डावर एक पैसाही घालू नये, दुखणं प्रोसेसरचं आहे. हे दोन आजार वेगळे आहेत, हे खेळ करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. २०१६ सालच्या ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये दोन वेगवेगळ्या चाचण्या दिलेल्या आहेत, एक चित्रांचा वेग मोजणारी आणि दुसरी पाळीला लागणारा वेळ मोजणारी.

‘टोटल वॉर’सारखे खेळ मात्र दोन्हीकडून खातात. त्यांच्या पहिल्या खेळांत, २००० सालच्या ‘शोगन’मध्ये, शिपाई सपाट चित्रांचे होते. २००४ च्या ‘रोम’पासून ते त्रिमिती झाले. हजारो त्रिमिती शिपाई अंगावर आले की चांगलं कार्ड लागतंच. पण नकाशावर पाळी संपवली की पुन्हा सगळा भार प्रोसेसरवर. रॅमचं म्हणाल तर पुरेशी हवी, आजच्या मानानं १६ जीबी. त्याहून जास्त घातली म्हणून खेळ पळत नाही, आणि कमी असेल तर मात्र हमखास रखडतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली तर खेळ उघडायला लागणारा वेळ पुष्कळ कमी होतो, पाळीचा नाही. प्रोसेसर घेताना कोअरची संख्या सांगून भुलवणाऱ्याला एवढंच विचारावं: एका कोअरची ताकद किती आणि कॅश किती? याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याकडे बाकीचा माल चांगला असेलही, पण मी पुढच्या दुकानात जाईन.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती निघाली. त्यात २०२२ साली हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशी आपल्याकडची राज्यंही आली. या आवृत्तीत क्रमवारीच्या सामन्यात उतरण्यापूर्वी मशीनला एक परीक्षा द्यावी लागते. एक नकली लढाई चालते आणि शेवटी गुण येतात. १००० च्या खाली गुण पडले तर सामन्यात प्रवेश नाही. कोपऱ्यातल्या मशीनला दारातच अडवण्याची ही सोय. गरिबाला ती बोचते हेही खरं, पण इतर सात जणांनी त्याच्यासाठी किती थांबायचं, याचं उत्तर मलाही सुचत नाही.

आमचा भाचा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या खेपेला त्यानं स्वतःच्या पगारातून मशीन जुळवलं तेव्हा आधी प्रोसेसर आणि रॅम घेतली. जुन्या साडेआठ हजारांच्या कार्डाला कधीच अर्ध्या किमतीत गिऱ्हाईक मिळालं होतं. नवं कार्ड त्यानं सहा महिन्यांनी घेतलं, तोवर प्रोसेसरमध्येच असलेल्या साध्या ग्राफिक्सवर भागवलं. सावल्या बंद, गवत बंद.